जिजीचा हिवाळा: कळणा, भरीत आणि बाजरीच्या खिचडीच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार. भुसावळ.

आज पहाटे पहिल्यांदा गोधडीवर दुसरी गोधडी घ्यावी लागली. थंडी पडली की मला कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी आठवते, दरवर्षी. यंदा नुसतं आठवून थांबायचं नाही, असं ठरवलं आहे. जिजी, म्हणजे माझी आजी, हिवाळ्यात चुलीवर जे करायची ते वजनमापासकट लिहून ठेवायचं.

जिजी जाऊन बावीस वर्षं झाली. आईही गेली. जिजीच्या चुलीपुढे बसून तिचा हात बघितलेलं एकच माणूस आता उरलं आहे, माझी आत्या. वय ८१. यावल तालुक्यातल्या आमच्याच गावात तिचं सासर, सातपुड्याच्या पायथ्याशी. भुसावळहून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, त्यामुळे रविवार तिच्यासाठी राखून ठेवले आहेत.

तीन गोष्टी नीट करायच्या: कळण्याची भाकरी, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, बाजरीची खिचडी. कुळथाचे शेंगोळे आणि फुनके-कढी, म्हणजे डाळीचे वाफवलेले गोळे आणि कढी, जमलं तर. वरण-बट्टी आणि खापरावरचे मांडे मुद्दाम सोडले. ते पाहुण्यारावळ्यांचं, लग्नकार्याचं जेवण, आणि ते करणारे हात अजून गावोगाव आहेत. मला हवं आहे ते दिवेलागणीनंतर चुलीला पाठ-पोट शेकत खाल्लेलं रोजचं जेवण.

स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत न्यायचा. आत्या "अंदाजानं घे" म्हणाली की तिची मूठ काट्यावर ठेवायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

कळण्याचा पहिला घाणा फसला. घाईत दुकानातून ज्वारीचं तयार पीठ अर्धा किलो आणलं. घरात उडदाची पांढरी डाळ होती, ती १२५ ग्रॅम मिक्सरला लावून त्यात मिसळली. वरून मीठ. पीठ पांढरंफटक दिसत होतं, तिथेच शंका यायला हवी होती. मळताना हाताला चिकटत होतं आणि थापताना कडा फाटत होत्या. पहिली भाकरी तव्यावर उलटताना मधोमध मोडली. बाकीच्या निघाल्या, खाल्ल्याही, पण कळण्याची भाकरी भाजताना घरभर जो खरपूस, थोडा मातकट वास पसरतो तो आलाच नाही.

रात्री आत्याला फोन केला. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "सालटे काढून टाकल्यावर तो कयना कसा व्हईन? काये उडीद घे, अख्खे."

आमच्याकडे बोलताना ळचा य होतो. कळणा म्हणजे कयना, डाळ म्हणजे डाय, केळी म्हणजे केयी. पुढे आत्याचं बोलणं लिहीन ते तसंच लिहीन.

मग तिने सगळं सांगितलं. ज्वारी शक्यतो दादर. दादर ही आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी, तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत ओलीवर येणारी. चार भाग दादर, एक भाग अख्खे काळे उडीद, सालासकट. दोन्हीला दोन उन्हं द्यायची, नाहीतर उडीद जात्यात दबतो आणि पीठ गोळा होऊन बसतं. खडे मीठ दळतानाच धान्यात टाकायचं. आणि दळण बारीक नको, बोटांत चोळलं तर कणी लागली पाहिजे.

दुकानच्या पिठाची दुसरीही अडचण होती, त्याची विरी, म्हणजे पकड, गेलेली होती. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो. ताज्या पिठात थोडी पकड असते, ती दिवसागणिक कमी होते. म्हणून भाकरीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळायचं हा जुन्या बायकांचा नेम होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी.

खंडोबाच्या नैवेद्याला भरीत आणि बाजरीची भाकरी. जिजी चातुर्मास पाळायची, आषाढापासून वांगं आणि कांदा बंद. आमच्या घरात हिवाळ्याचं पहिलं भरीत आजच्या दिवशीच व्हायचं, त्यामुळे लहानपणी चंपाषष्ठीची वाट आम्ही दिवाळीसारखी बघायचो.

आज गॅसवर केलं. नैवेद्य झाला, मन भरलं नाही. जाळ एकाच बाजूने लागतो, साल करपते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो. तो शिजेपर्यंत थांबावं तर बाकीचं पाणी पाणी होतं. बायकोने खाऊन सांगितलं, "वांगं उकडल्यासारखं लागतंय." बरोबर होतं तिचं. गॅसवरचं भरीत मोजून लिहिण्यात अर्थ नाही. रविवारी शेतात.

३० नोव्हेंबर, रविवार. गावी.

आज मनासारखं झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

वांगी बामणोदकडची. भरिताचं वांगं म्हणजे आमच्याकडे फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, हातभर नाही पण वीतभर लांब आणि चांगलं जाडजूड. बामणोद, भालोद, असोदा ही त्याची गावं. असोदा बहिणाबाईंचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे, आमच्या जिजीला ते आधी वांग्यांसाठी माहीत होतं. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. गावातल्या लोकांना त्या कागदाने काही नवीन सांगितलं नाही, तरी मला आनंद झाला होता, आजही आहे.

वांगं निवडायला आत्याने शिकवलं. आकाराने मोठं आणि वजनाला हलकं बघायचं. हातात जड लागलं की आत बिया भरलेल्या समजायच्या. देठ हिरवागार हवा. सालीवर बारीक भोक दिसलं तर बाजूला ठेवायचं, आत अळी असते. चार वांगी घेतली, २ किलो १५० ग्रॅम.

जळण तुरीच्या काड्यांचं, मागच्या हंगामातल्या, गोठ्याच्या पत्र्याखाली कोरड्या राहिलेल्या. जिजी कपाशीच्या पऱ्हाट्याही वापरायची. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्यांचा ढीग परसात रचलेला असायचा, वर्षभराचं जळण. भाऊ म्हणाला, आता तो ढीग कोणी ठेवत नाही. गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते आणि पुढच्या हंगामात परत कपाशीवर येते, म्हणून पऱ्हाट्या लगेच उपटून मोडून टाकायच्या असतात. हे मला नव्याने कळलं.

खाली काड्यांचा आडवाउभा थर, त्यावर वांगी एका ओळीत, वर पुन्हा काड्या. प्रत्येक वांग्याला सुरीने दोन चिरा दिल्या, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. पेटवल्यावर जाळ सगळीकडून वांग्याला चाटत जातो, गॅसवर हेच होत नाही. १० मिनिटांत जाळ बसला. मग लांब काडीने वांगी पालथी केली आणि निखाऱ्यांत सारून ठेवली. आणखी १२ मिनिटं. देठाजवळ काडी टोचली, लोण्यात जावी तशी गेली. एकूण २२ मिनिटं.

भाजलेली वांगी टोपल्याखाली पाच मिनिटं झाकली. सोलताना बोटं पाण्यात बुडवायची, वांगं पाण्याखाली धरायचं नाही. मी नळाकडे वळलो तेव्हा आत्याने मनगट धरलं. "धुतलं त धूर गेला. मंग भाजलं कायले?" सोललेला गर १ किलो ३८० ग्रॅम भरला.

हिरव्या मिरच्या १५० ग्रॅम, त्याच निखाऱ्यावर भाजून. कमी तिखटाच्या, पोपटी. लसूण एक मोठा गड्डा. हे दोन्ही मीठ घालून आधी बडगीत ठेचायचं, मग त्यात वांगं. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, सोबत लाकडी मुसळी. जिजीची बडगी आत्याकडे आहे. मिरचीचं तेल मुरून आतून काळी, गुळगुळीत झाली आहे, आणि काठावर एका जागी अंगठ्याएवढा खळगा पडला आहे. जिजी डाव्या हाताने तिथे धरायची. मी धरलं तर माझा अंगठा त्यात बसला.

मिक्सर का चालत नाही ते आज डोळ्यांनी बघितलं. मुसळीखाली वांग्याच्या गराचे धागे मोकळे होतात, तुटत नाहीत. घास घेतला की ते धागे लागले पाहिजेत.

अर्धं भरीत कच्चं ठेवलं, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर चिरून. अर्ध्याला फोडणी: शेंगदाण्याचं तेल १०० मिली, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, जिरं, थोडी हळद, पातीचा पांढरा भाग. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. आमच्या भागात भरिताला मसाल्याची गरज कधी पडली नाही, धूर आणि मिरची पुरते.

केळीच्या पानावर नऊ माणसं जेवली. कच्चं आधी संपलं.

७ डिसेंबर, रविवार. गावी.

कळणा जमला.

दादर ४ किलो, काळे उडीद १ किलो. उडीद यंदाचेच, पोळ्यानंतर निघालेले. दादर मागच्या शिमग्याच्या आसपासची, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. दोन उन्हं दिली. मीठ म्हणून आत्याने एक मूठ खडे मीठ धान्यात टाकलं. मी टाकण्याआधी मूठ काट्यावर मोकळी करून घेतली: ६० ग्रॅम. म्हणजे पाच किलोला साठ ग्रॅम. भाकरी थापताना वेगळं मीठ लागत नाही.

गिरणीवाल्याला जाडसर दळायला सांगितलं आणि आधी कोणाचं ज्वारीचं दळण होतं त्यामागे लावलं, मिरचीच्या किंवा गव्हाच्या मागे नाही. पीठ गरम गरम घरी आणून लगेच डब्यात भरायचं नाही. धोतराच्या कापडावर तासभर पसरलं, नाहीतर स्वतःच्या वाफेने घाम येऊन ते खराब होतं. रंग राखाडी, त्यात काळे ठिपके. वास आला, तोच.

कोमट पाण्यात मळलं. उडदाला बुळबुळीतपणा असतो, तो इथे कामाला येतो, ज्वारीच्या पिठाला जी पकड नाही ती उडीद देतो. काठवटीत थापताना कड फाटली नाही. भाकरी बोटाच्या पेराएवढी जाड ठेवायची. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, दुसरी बाजू पूर्ण भाजू द्यायची, मग तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी लावायची. साध्या ज्वारीच्या भाकरीसारखी ती टम्म फुगत नाही. फुगली नाही म्हणून दाबत बसू नये.

सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि भाकरीच्या पापुद्र्याखाली ओतलेलं कच्चं शेंगदाण्याचं तेल. मी लहानपणी ठेचा खात नसे. जिजी भाकरीचा मधला भाग कुस्करून त्यात तेल-मीठ कालवून द्यायची. आज तसंच खाल्लं, आत्याच्या हातचं, ५१व्या वर्षी.

दोन भाकरी फडक्यात बांधून रात्री घरी आणल्या. मुद्दाम ठेवल्या आहेत.

८ डिसेंबर, सोमवार.

सकाळी सहाला फडकं सोडलं. १४ तासांनी भाकरी मऊ. नुसत्या ज्वारीची एव्हाना वातड होते. ही उडदाचीच करामत. जिजीच्या घरात कळणा फक्त हिवाळ्यात का, आणि रात्रीच जास्तीच्या भाकरी का थापल्या जायच्या, हे आत्याला विचारायचं आहे.

१४ डिसेंबर, रविवार. भुसावळ.

गावी जाता आलं नाही, घरी बाजरीची खिचडी करून बघितली. जमली नाही.

बाजरी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवली. काही दाण्यांचं पीठ झालं, काही तसेच अख्खे राहिले. मुगाची डाळ घालून कुकरला लावली, सहा शिट्ट्या. पीठ तळाला बसून लागलं आणि वरचे दाणे कचकच राहिले. करपल्याचा वास सगळ्या खिचडीला लागला.

शिवाय मागून कडवटपणा. बाजरीत स्निग्धांश इतर धान्यांपेक्षा जास्त, शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास. दाणा फुटला की तो हवेला लागतो आणि खवट व्हायला लागतो. मी बाजरी शुक्रवारी रात्रीच फिरवून ठेवली होती. ती त्याच वेळी कांडून त्याच वेळी शिजवायची वस्तू आहे.

२१ डिसेंबर, रविवार. गावी.

आजची नोंद मला नीट लिहायची आहे.

आत्याच्या ओसरीतलं दगडी उखळ धुऊन घेतलं. बाजरी ती मुठीने मोजते. चार मुठी. प्रत्येक मूठ काट्यावर ठेवली: ६२, ६०, ६३, ६२. एकूण २४७ ग्रॅम. ८१ वर्षांच्या हाताची मूठ तीन ग्रॅमच्या वर चुकत नाही.

बाजरीला चार चमचे पाणी चोळून २० मिनिटं ठेवली. त्याने कोंडा सैल होतो. मग मुसळाने कांडली, जोरात नाही, मुसळाच्या वजनानेच. १५ मिनिटांत कोंडा सुटला. आत्याने सुपात घेऊन पाखडला, कोंडा गाईला. मागे राहिला अर्धवट फुटलेला, हिरवट पांढरा दाणा, ओलसर. हाताला तांदळाच्या कणीसारखा लागतो पण गोडसर वासाचा.

सालाची मुगाची डाळ १०० ग्रॅम. पाणी दोन लिटर, आधी उकळून. मातीचं मडकं आता नाही, पितळेचं पातेलं घेतलं, आतून कल्हईचं. पहिली २० मिनिटं जाळ, ढवळत. मग जाळ ओढून घेतला आणि पातेलं निखाऱ्यावर, वर झाकणात पाणी. मी विचारलं, किती वेळ? आत्या म्हणाली, "दादा ये पावतर."

म्हणजे दादा येईपर्यंत. दादा म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

मला बाजरीची खिचडी आठवते ती रात्रीचीच. झोपेतून लसणीच्या फोडणीच्या वासाने जाग यायची. चुलीत नुसता लाल उजेड, जिजी पदर डोक्यावरून कानामागे खोचून बसलेली, आणि ती बशीत दोन घास द्यायची. वर कच्चं तेल, चुरलेलं बिबडं, म्हणजे ज्वारीचा पापड. घोंगडीत बसून खायचो आणि तसाच झोपायचो. इतकी वर्षं मी हेच समजत होतो की जिजी आम्हा पोरांसाठी रात्री उठून खिचडी करते. माझ्या मुलीलाही मी हेच सांगत आलो.

आत्या म्हणाली, "तुमच्यासाठी कुठी व्हती ते? दादासाठी व्हती."

मग सांगत गेली. विहिरीवर मोटार आली, पण लाईट रात्रीची यायची. आप्पा नऊला जेवून गव्हाला पाणी भरायला जायचे, दारं धरत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत उभे, पाय घोट्यापर्यंत गार चिखलात. त्यातून थंडी जास्त पडली तर केळीचीही धास्ती. पारा १० अंशांखाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवता, म्हणजे बाहेर पडणारा घड गळ्यात अडकतो. म्हणून बागेच्या बांधाला वाऱ्याच्या बाजूने ओला पालापाचोळा पेटवून रात्रभर धूर करायचा. शेकोटीत आम्ही शेंगा भाजायचो ती शेकोटी ही, आणि ती आमच्या मजेसाठी पेटवलेली नव्हती. आप्पा रात्री दोन-तीनला घरी यायचे तेव्हा त्यांचे हात इतके आखडलेले असायचे की भाकरी मोडता यायची नाही. म्हणून खिचडी. ताटात ओतायची, बोटांनी ओरपायची, घशाखाली ऊन ऊन उतरायची.

कळण्याच्या भाकरीचंही उत्तर मिळालं. पहाटे पाचला जाणारा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आणि आप्पा फडक्यात बांधून न्यायचे, म्हणून ती दुसऱ्या दिवशी मऊ राहणारी हवी होती.

मी विचारलं, मग आम्हाला कशी मिळायची? आत्या बाजरीच्या रिकाम्या वाटीकडे बघत होती. पहिल्या वर्षी जिजी तीनच मुठी घ्यायची, आप्पांपुरत्या. मी जागा व्हायचो आणि आप्पा स्वतःच्या ताटातलं मला भरवायचे. त्यांना कमी पडायचं, ते बोलायचे नाहीत. जिजीने दोन-तीन रात्री बघितलं आणि चौथी मूठ घ्यायला लागली. तेव्हापासून आत्याचीही मोजणी चारच.

बराच वेळ मी काही लिहिलं नाही. पातेल्याचं झाकण वाफेने वाजत होतं.

निखाऱ्यावर ठेवल्यावर पाऊण तासाने पहिल्यांदा ढवळली, आणखी एक पेला गरम पाणी. दोन तास ४० मिनिटांनी दाणा आणि डाळ एकमेकांत विरघळली, तरी दाणा जिभेला कळत होता. फोडणी अगदी शेवटी, ताट वाढायच्या वेळी: तेल चार चमचे, लसणीच्या १५ पाकळ्या सालीसकट ठेचून, जिरं, दोन सुक्या मिरच्या. लसूण तपकिरी होऊ द्यायची, तोपर्यंत घाई नाही. मीठही तेव्हाच.

२५ डिसेंबर, गुरुवार. भुसावळ.

सुट्टी होती म्हणून शेंगोळे केले. कुळथाचं पीठ दोन वाट्या, गव्हाचं अर्धी, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, घट्ट मळून तेलाच्या हाताने वळले. लसणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायचे, सगळे एकदम टाकले तर चिकटतात. १८ मिनिटं. सोपं आहे, पहिल्याच वेळी जमलं. घरात सर्दी होती, रस्सा भांडं निपटून संपला.

फुनके-कढी यंदा राहू देत.

३ जानेवारी २०२६, शनिवार रात्र. गावी.

या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची आहे. भाऊ गव्हाला पाणी भरायला जाणार म्हणून मी मुद्दाम आजच आलो. आप्पांच्या त्या रात्रींमध्ये तो पाळण्यात होता, त्याला खिचडीची काहीच आठवण नाही.

संध्याकाळी सातला आत्याच्या उखळात बाजरी कांडली. साडेआठला पातेलं चुलीवर चढवलं, नऊला निखाऱ्यावर. वहिनी झोपायला सांगत होती, मी चुलीपाशीच बसलो. दर पाऊण तासाने ढवळत राहिलो. साडेबाराला तुरीच्या दोन काड्या घालून निखारे जिवंत ठेवले. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं.

दीडला फोडणी दिली. पातेलं गोधडीत गुंडाळून निघायच्या बेतात होतो तेव्हा आतल्या खोलीच्या दारात पुतण्या उभा, अर्धवट झोपेत. "काका, काय शिजतंय?" बारा वर्षांचा आहे. बशीत वाढून दिलं, वर तेल, बिबड्याचा चुरा. उंबऱ्यावर बसून खाल्लं, अजून मागितलं, मग जाऊन झोपला.

शेतावर भाऊ मोटारीच्या खोलीजवळ शेकत बसला होता. गमबूट, कानटोपी, हातात फावडं. ताट समोर ठेवलं. पहिला घास घेतला आणि बोटं ताटावरच्या वाफेत धरून बसला, मग दुसरा. बोलला नाही. निम्मं संपल्यावर मी जिजीच्या मुठींचं सांगितलं. त्याने ऐकलं, ताटात राहिलेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरासाठी ठेवलं का?"

ठेवलं आहे म्हणालो. मग सगळं खाल्लं. वाफा बदलायची वेळ झाली, फावडं घेऊन गेला. मी पातेल्याचा तळ खरवडून खाल्ला.

मोजमाप: बाजरी ५ मुठी, ३०८ ग्रॅम. सालाची मुगाची डाळ १२५ ग्रॅम. पाणी अडीच लिटर. निखाऱ्यावर साडेचार तास. मीठ थोडं कमी पडलं.